पहिला घास मांजराचा

आमच्या घरात पहिला घास मांजराचा. चुलीपाशी बसलेलं मांजर जेवल्याशिवाय आई जेवत नसे. मला शाळेला उशीर होत असला तरी ही बाई मागल्या दारी उभी राहून मांजराला हाका मारत राहायची आणि माझं ताट रिकामं. "मुक्या जिवाच्या आधी जेवलं तर अंगाला लागत नाही," म्हणायची. यावरून मी तिच्याशी पुष्कळ भांडलेय. भांडण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मग आई विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारीण, शेवटी मी. एके सकाळी न्हाणीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी तिला रत्नागिरीच्या इस्पितळात घेऊन आले. ऑपरेशन नीट झालं, पण आई जेवेना.

"मांजराला घातलंस काय?" ती दर जेवणाला विचारायची.

"घातलं."

"मग आहे कुठं ते?"

"घरी."

एवढं ऐकलं की तिचं तोंड भिंतीकडे. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हणजे काय ते मी रोज बघत होते. कोपऱ्यातल्या एका म्हातारीला घातली होती आणि ती उपसून काढू नये म्हणून तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधले होते. आईचे हात असे बांधलेले मला बघवले नसते. घरचं मांजर टोपलीतून आणू का, असं मी सिस्टरना विचारलं. त्यांनी मला कोपरापासून हात जोडले.

शनिवारी मुंबईहून भाऊ आला तो बॅटरीवरचं मांजर घेऊन. करड्या केसांचं, मान हलवणारं, पाठीवर हात फिरवला की घुरघुरणारं.

"आई मरायला टेकलेय आणि तू खेळणी आणतोस?" मी सगळ्या वॉर्डासमोर त्याच्यावर ओरडले.

त्याने सेल घातले आणि मांजर आईच्या कुशीत ठेवलं. आईने पाठीवर हात ठेवला. ते घुरघुरलं.

"रोडावलंय गो," आई म्हणाली.

कित्येक दिवसांनी आईचा तो घरातला आवाज ऐकला. मला रडू आवरेना.

पण मांजराला जेवायलाही लागतं, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आईने दूधभाताचा घास कालवून कागदाच्या कपट्यावर त्याच्या हनुवटीखाली ठेवला आणि वाट बघत बसली. मांजर मान हलवतंय, डोळे मिचकावतंय, खात कुठलं! तेवढ्यात सिस्टर पलीकडून इंजेक्शन द्यायला आल्या. आईची मान तिकडे वळली आणि मी तो घास उचलून तोंडात टाकला. आईने वळून बघितलं. कागद रिकामा.

"खाल्लंन," ती समाधानाने म्हणाली आणि स्वतः जेवायला लागली.

नऊ दिवस हे असं चाललं. शेजारच्या खाटेवरच्या काकी वेळ साधून खोकायच्या, आई तिकडे बघायची, मी घास गिळायची. "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय," काकी हसून म्हणायच्या. मीही हसायची. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं सोडलं होतं.

तो घास मी खाटेखालच्या बादलीत टाकू शकले असते. पण आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. ताटाबाहेर सांडलेली शितं आईने मला एकेक करून वेचून खायला लावली होती. हात आपोआप तोंडाकडे जायचा. आणि खरं सांगायचं तर मला तो घास हवा असायचा. आई मला ओळखत नव्हती. तिच्या हातचं खायला मिळायची मला दुसरी वाट नव्हती.

मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. दहाव्या दिवशी काकी खोकल्या, पण आईची मान लवकर परतली. तिने रिकामा कागद बघितला, मग माझं चावणारं तोंड.

"मुक्या जिवाच्या तोंडचा घास खाल्लान हिनं!" ती किंचाळली. "बघा हो, चोरटी बघा!"

"आई, अगं मी. तुझी लेक."

"माझी लेक असं करायची नाही. तिला मी शिकवलंय."

तिने मांजर चादरीखाली ओढून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भावाने भरवून बघितलं, काकींच्या सुनेने भरवून बघितलं. आई दात घट्ट मिटून पडून राहिली. मांजरापुढेही घास ठेवीना. ठेवला तर ती बाई येऊन खाईल ना! तिसऱ्या दिवशी नळी घातली. कागदावर सही मी केली. आईचे हात खाटेला बांधले तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. माझ्यासारखी भांडखोर बाई, पण भांडायला समोर कुणीच नव्हतं. एका घासापायी मी माझ्या आईचे हात बांधून घेतले होते.

मांजर तिच्या उशाशी होतं. कुणी हात फिरवल्याशिवाय ते घुरघुरायचं नाही, म्हणून मी फिरवत बसायची. एका दुपारी आईने माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. माझा चेहरा ती पुन्हा विसरली होती, चोरी तेवढी विसरली नव्हती.

"बाय, तू चांगल्या घरची दिसतेस," ती हळूच म्हणाली. "जरा बसशील माझ्या मांजरापाशी? एक बाई येते नि त्याचा घास खाऊन जाते. माझे हात हे असे."

"बसते."

"आली तर हाकलून दे हो तिला."

"देते," मी म्हटलं आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.