बागेतला सिग्नल आणि मी केलेली लबाडी

घाटकोपरला आमच्या घरामागे छोटीशी बाग होती. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी चाळिशीचा, कचेरीतला कारकून, आणि त्या बागेत खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ टाकत होतो! जोडीला शेजारचे काका. तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे खटके ओढले होते. नुकतेच निवृत्त झाले होते.

तुळशीजवळ एक स्टेशन, विहिरीमागे दुसरं, मधे एकच रूळ. चावीची दोन इंजिनं. तुळशीपाशी बसलेल्याला विहिरीमागचं काही दिसत नसे, म्हणून सिग्नल हवा. आणि तो खराखुरा, विजेवर हलणारा हवा, असा काकांचा हट्ट.

काय दिवस होते ते! कचेरीत आकडे मांडताना माझ्या डोक्यात तारा फिरत. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून पाटी केली, तिला लाल रंग दिला. खिळ्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून लोहचुंबक केला. पहिल्यांदा बॅटरी जोडली आणि पाटी 'टक्' करून हलली, तेव्हा मी अक्षरशः उडी मारली.

"अरे, हळू! कुंडी फोडशील," काका ओरडले. पण तेही हसत होते.

पाटी आडवी म्हणजे थांबा. खाली कलली, म्हणजे सिग्नल पडला, की गाडी सोडायची. काकांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "तार तुटो, बॅटरी मरो, पाटी आपोआप आडवी झाली पाहिजे. मागे वजन लाव. सिग्नल बिघडला तर गाडी थांबायला हवी, सुटायला नको. कळलं?"

"कळलं, काका."

कळलं होतं, पण ते वजन काही केल्या जमेना. पाटी मधेच लटकायची. रविवारी शेजाऱ्यांना बोलावून बसलो होतो. शेवटी मी उलटं केलं. चुंबकाने पाटी आडवी धरून ठेवायची, वीज बंद केली की ती स्वतःच्या भाराने पडायची. किती सोपं! वर खोका ठोकून बंद केला आणि काकांना म्हणालो, "तुम्ही सांगितलंत तसंच केलंय."

रविवारी चार घरची माणसं जमली. काका तुळशीपाशी, सिग्नलची वीज चालू-बंद करणाऱ्या खटक्यांवर, मी विहिरीमागे पाटीसमोर. गाड्या सुटत होत्या, सिग्नल पडत होता, बायका टाळ्या वाजवत होत्या. पाचव्या फेरीला माझ्या समोरची पाटी पडली. मी गाडी सोडली. काकांनीही त्यांची सोडली होती. अळूच्या वाफ्यापाशी दोन्ही इंजिनं समोरासमोर आदळली.

आवाजासरशी काकांनी घाबरून सगळे खटके खाली-वर केले. त्यामुळे आधी ते कसे होते, हे कुणालाच सांगता येईना.

"काय काका, नोकरीत असतात तर घरीच बसवलं असतं की तुम्हाला!" एक शेजारी म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

"माझाच खटका चुकला असेल," काका म्हणाले.

बॅटरी उतरून पाटी आपोआप पडली होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी बोललो नाही.

आठ दिवस काका आले नाहीत. काकू कुंपणापाशी भेटल्या. "हल्ली चहाची कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. म्हणतात, हातांवर भरवसा नाही राहिला."

मी खोका उपटला आणि नवी बॅटरी जोडून त्यांच्या ओटीवर नेला. उघडून दाखवला. काकांनी एक तार सोडवली. पाटी पडली. पुन्हा जोडली, पुन्हा सोडवली.

"म्हणजे माझा खटका बरोबर होता?"

"बरोबर होता, काका. मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी खोका स्वतःकडे ओढून घेतला. "मला काय सांगतोस? ज्यांच्यासमोर हसलास, त्यांना सांग जा."

गेलो. चारही दारं वाजवली. "अहो, खेळण्यातलं इंजिन ते! एवढं काय मनाला लावून घेता?" एकाने मलाच समजावलं. मी त्याला उंबऱ्यात उभं करून बॅटरी, चुंबक, पाटी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. काकांचा खटका बरोबर होता, हे त्याच्या तोंडून वदवून घेतलं, तेव्हाच निघालो.

परतलो तर काका आमच्या बागेत उकिडवे बसलेले. वीज आली की पाटी खाली ओढेल, असा चुंबक दुसऱ्या बाजूला बसवून झाला होता.

"सांगितलंस?"

"चौघांनाही."

"मग बघत काय उभा राहिलास? पाटीच्या शेपटाला वजन हवंय. सकाळी माहुलची कोळीण येईल ना, तिच्याकडून जाळ्याची शिशाची गोळी मागून घे. आणि या वेळी खोका मी ठोकणार, कळलं?"