वरातीच्या गाडीचा हूक

धाकट्या बहिणीच्या लग्नाला अठरा दिवस उरले होते, तेव्हा तिचा होणारा नवरा आपली स्पोर्ट्स कार घेऊन लातूरजवळच्या आमच्या मुरुडला आला. गाडी त्याने हैदराबादहून जुनी घेतली होती. पिवळी, दोन दारांची आणि इतकी बुटकी की आमच्या वर्कशॉपसमोरच्या गतिरोधकावर तिचं पोट घासल्याचा आवाज मला आत बसून ऐकू आला. आमच्या वडिलांनी, अण्णांनीही ऐकला. ते हातातलं काम खाली ठेवून बाहेर आले.

आमच्या अण्णांचा धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. मी नांदेडच्या विष्णुपुरीला राहून इंजिनिअरिंग केलं आणि आता लातूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. पण रविवारी मुरुडला येऊन वर्कशॉपमध्ये बसायची सवय तशीच राहिली आहे. तो रविवारच होता.

"मामा," जावई अण्णांना म्हणाला, "या गाडीला मागून हूक बसवायचा. अन् एक रथ बनवायचा, दोन चाकी. वरातीत आम्ही दोघं रथावर, पुढं ही गाडी. आमच्या भोकरमदी असं कुणी पाह्यलं नसंल."

अण्णांनी गाडीला एक फेरी घातली, मागे जाऊन उकिडवे बसले आणि बंपरवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग त्यांनी अंगाखाली पोतं टाकलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई, या गाडीला हाड न्हाई."

त्यांचं खरं होतं. ट्रॅक्टरला, जीपला खाली लोखंडी चौकट असते, तिला काहीही जोडता येतं. या गाडीला मागे नुसता प्लॅस्टिकचा बंपर, आत अॅल्युमिनियमची एक पट्टी आणि ती पट्टी धरणारे पातळ पत्र्याचे दोन खोके. मी फोनवर त्या गाडीचं माहितीपुस्तक शोधून काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, या गाडीने काहीही ओढू नये. मी ते जावयाला दाखवलं.

"ताई, हे तर सगळेच लिहितात," तो हसून म्हणाला. "गॅरंटी द्यावी लागू न्हाई म्हणून."

"काय म्हणतंय पुस्तक?" अण्णांनी विचारलं.

"काई न्हाई मामा. सावकाश चालवा म्हणते."

मी फोन पर्समध्ये टाकला. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पण बहिणीचं लग्न ठरायला दोन वर्षं लागली होती, आणि पाहुणा पहिल्यांदाच काही मागत होता. शिवाय मला आतून वाटत होतं की हे जमवता येईल. सांगायला लाज वाटते, पण मला ते जमवून दाखवायचं होतं.

अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ नेहमी 'नाही' असा होत आला आहे. त्या दिवशी मात्र तो 'हो' झाला.

पुढचे दोन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी यात गेल्या. वेल्डिंग करायचं नाही, हे मी ठरवलं. पत्रा जळला असता आणि पेट्रोलची टाकीही जवळच होती. जाड पट्टीचे तुकडे कापून त्या पातळ खोक्यांच्या आतून आणि बाहेरून लावले, आरपार बोल्ट टाकले, मग दोन्ही बाजूंना जोडणारा चौकोनी पाइप आणि त्याच्या मध्यावर हूक. सायलेन्सर आडवा येत होता म्हणून हूक थोडा खाली घ्यावा लागला. बंपरचा खालचा भाग कापताना जावयाने मान फिरवली. अण्णांनी सगळं काम स्वतः केलं, कारागिराला हात लावू दिला नाही. एरवी काम करताना ते गुणगुणतात. त्या दिवसांत गप्प होते.

आमचा एकच वाद झाला, रथाच्या आसावरून, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावरून. अण्णांच्या ट्रॉल्यांना आस मध्याच्या बराच मागे असतो. त्यामुळे थोडं वजन पुढे, हुकावर पडतं.

"वजन हुकावर बसलं पाह्यजे," ते म्हणाले. "तवाच ट्रॉली सरळ चालते."

"अण्णा, ही गाडी बुटकी आहे. हुकावर वजन आलं की मागून बसेल आणि जमिनीला घासेल. आस वीतभर पुढे घ्या. दोघं सिंहासनावर बसले की रथ तोलात राहतो. मी हिशेब केलाय."

त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माझ्या शिक्षणाचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी खडूने आसाची जुनी खूण पुसली आणि वीतभर पुढे नवी मारली.

चाचणी आमच्याच रस्त्यावर झाली. जावयाने गाडी सुरू केली, रथ मुकाट मागे आला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मागे घेताना क्लच जळल्याचा वास आला, तेव्हा तो म्हणाला, "वरातीत मागं कुठं जायचंय?" अण्णा रथाच्या बाजूने चालत होते. ते सबंध वेळ रथाकडे न बघता गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

लग्न भोकरच्या बाहेर एका मंगल कार्यालयात दुपारी लागलं. ड्रोनने चित्रीकरण करायचं म्हणून वरात उजेडातच, साडेचारला निघाली. ऊन पिवळं पडलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. रथाला झेंडू आणि मखमली कापड लावलं होतं. सिंहासनावर दोघं बसले, गाडी जावयाचा एक मित्र चालवत होता. पुढे बँड, त्यापुढे नाचणारे, रथामागे बायका आणि म्हातारी माणसं. मी रथाच्या उजवीकडे होते, अण्णा डावीकडे. मला मध्येच त्यांचा फेटा दिसायचा.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं होतं. जावयाचं घर कालव्याच्या पलीकडे आहे आणि पुलावर जायला चांगला चढ आहे, हे मला तिथं पोहोचल्यावर कळलं. मुरुडच्या आमच्या रस्त्यावर चढ नाही. माझ्या वहीतही चढ नव्हता.

चढाच्या निम्म्यावर वरात थांबली. ड्रोनवाल्याने वरून चांगला देखावा मिळतो म्हणून खूण केली. तेवढ्यात जावयाचे चार-पाच मित्र रथाच्या मागच्या पायरीवर चढले आणि हात वर करून नाचू लागले.

मी पाहिलं. गाडीचं मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, ती चार बोटांची झाली. रथ मागून खाली दबत होता आणि पुढून हूक गाडीला वर उचलत होता. आमचा हूक. मला एका क्षणात सगळं समजलं. ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी, आणि त्याच चाकांवरचं वजन निघून जात होतं. ती फिरतील तेवढी फिरतील, पण रस्ता धरणार नाहीत.

"उतरा! खाली उतरा!" मी ओरडले. बँडमध्ये मला माझाच आवाज आला नाही.

बँडवाले पुढे सरकले तशी गाडी चालवणाऱ्या मित्राने ती दामटली. चाकं जागच्या जागी फिरली, धूर निघाला, रबर जळल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडलं. मग गाडी आणि रथ दोन्ही मागे यायला लागले. अगदी हळू. एवढं हळू की मागच्या बायकांना ते कळलंच नाही. त्याने गोंधळून पायाचा ब्रेक दाबायचं सोडून हँडब्रेक ओढला असेल, पण तो फक्त मागच्याच चाकांना लागतो.

अण्णांनी पुलाच्या कडेला पडलेला एक मोठा दगड उचलला आणि रथाच्या डाव्या चाकामागे टाकला. चाकाने तो ढकलला. त्यांनी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तो पुन्हा आत दाबला. चाक दगडावर चढलं, अडलं, रथ फिरून पुलाच्या कठड्याला टेकला आणि थांबला. मागची माणसं दोन हातांवर होती. पायरीवरचे मित्र रस्त्यावर पडले होते. बहीण सिंहासनावरून खाली आली होती, तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं.

बँड अजून वाजत होता. अण्णा तसेच गुडघ्यांवर होते. मी पलीकडे गेले तेव्हा ते शांत आवाजात म्हणाले, "बाई, हात निघना."

चार माणसांनी रथ उचलला तेव्हा हात निघाला. मी त्यांचाच फेटा सोडून त्यावर गुंडाळला.

एका पाहुण्याच्या जीपमधून आम्ही नांदेडच्या दवाखान्याकडे निघालो. बहीण शालू सावरत जीपकडे धावली, तेव्हा तिच्या सासूने तिचा दंड धरला. "माप ओलांडल्याबिगर नवरी मागं फिरत न्हाई. लई वाईट असतं ते."

"माझे वडील आहेत," बहीण म्हणाली आणि जीपमध्ये बसली. सासू रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, तिसरं वाकत नाही. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, पुस्तकात काय लिहिलं होतं ते आणि आसाचं. आसाचं त्यांना आधीच कळलं होतं. पुस्तकाचं ऐकून ते छताकडे बघत राहिले.

"सांगितलं असतंस तरी मी हूक लावलाच असता," ते म्हणाले. "पोरीच्या सासरचं काम व्हतं. पण सांगायला पाह्यजे व्हतं, माय."

मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जावई तिसऱ्या दिवशी एसटीने एकटा आला. दाढी वाढलेली, अंगात लग्नातलाच सदरा. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "मामा, मी तुमाले खोटं सांगितलं व्हतं," एवढंच तो म्हणाला. अण्णांनी डाव्या हाताने स्टूल दाखवलं. तो बसला आणि रडला. बहीण त्याच्याबरोबर आठ दिवसांनी भोकरला गेली. माप ओलांडलं, पण त्या घरात अजूनही दूध उतू गेलं, कुणाला ताप आला की सासू आधी तिच्याकडे बघते. बहीण फोनवर हे हसत सांगते. मी हसत नाही.

गाडीचा हूक काढायला ती टेम्पोवर घालून मुरुडला आणली. बोल्ट जसेच्या तसे होते, पट्टी केसभरही वाकली नव्हती. जावयाने नंतर ती गाडी विकली.

अण्णांना आता वेल्डिंगचा होल्डर नीट धरता येत नाही. ते खुर्चीवर बसून कारागिराला सांगतात. गेल्या महिन्यात एक माणूस छोटी जुनी कार घेऊन आला. त्याला तिला हूक लावून मागे कडबाकुट्टीचं यंत्र ओढायचं होतं. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "बाईला इचारा."

मी गाडीखाली वाकून पाहिलं आणि नाही म्हणाले. का नाही, तेही सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं दारात बसलो होतो, तर तीच कार समोरून गेली. कुणीतरी हूक लावून दिला होता. मागे यंत्र डोलत होतं आणि यंत्रावर दोन बायका बसल्या होत्या. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. कार थांबली नाही.