हाडवैद्यांचा नारळ

आमच्या शेजारचे हाडवैद्य माणसाचा आधी पाय बघतात, तोंड नंतर. मी फाटक उघडलं की ओसरीवरून आवाज येतो, "काऊन भाऊ, डावा पाय जपून टाकून राह्यले?"

कोरपन्याच्या आसपासची कितीतरी मोडलेली हाडं त्यांनी बांबूच्या कामट्या बांधून जुळवली. पैसा कधी घेतला नाही. बरं झालेल्यानं स्वतः चालत येऊन नारळ द्यायचा, एवढाच त्यांचा नियम. मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की मात्र फणकारायचे, "लोखंड भरतेत तिथी!"

यंदा त्यांची बायको तलावाच्या पाळीवर घसरून पडली. त्यांनी तिच्या खुब्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हे माह्या हातचं नाई," एवढंच म्हणाले. पूर्वी अशा वेळी नागपूर गाठावं लागे. आता खुब्याचा सांधा चंद्रपुरातच बदलतात; तिचाही तिथंच बदलला. तिचं काळीजही कमजोर निघालं, तर तेही तिथल्याच हृदयाच्या डॉक्टरांनी सांभाळलं.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. हाडवैद्यांनी पिशवीतून नारळ काढला. हाडांच्या डॉक्टरांनी हात पुढे केला, तसा यांनी नारळ मागे घेतला. "माह्या हातून नाई." तो बायकोच्या हाती दिला आणि तिचं धरलेलं कोपर सोडून दिलं. ती एकटी, हळूहळू डॉक्टरांच्या टेबलापर्यंत चालत गेली. डॉक्टर हसत होते, म्हातारी लाजत होती. हे मात्र खालीच बघत होते.

"सरळ पडते तिचा पाय," ते हळूच म्हणाले.