पागोदेला वन्स मोअर

माझी सून ब्राझीलची. तिच्यामुळे आमच्या बर्लिनच्या घरात पागोदे शिरलं. पागोदे म्हणजे टेबलाभोवती घोळका करून गायचा सांबा, आणि तिचा लाडका गायक त्यातला प्रेमगीतंवाला. भाजी चिरता चिरता तिने मला त्याची अख्खी कारकीर्द ऐकवली आहे: गल्लीतल्या पोरांचा बँड, पहिलं गाजलेलं गाणं, बँड सोडल्यावर खाल्लेल्या शिव्या, आणि आता भरलेली स्टेडियम्स. ते पहिलं गाणं तिचे वडील दर रविवारी अंगणात मांस भाजताना म्हणायचे. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हा हिला नववा महिना, विमानात कोण बसू देणार? बापासाठी पोर धड रडलीसुद्धा नाही.

तो गायक बर्लिनला येतोय कळल्यावर मीच मुलाला म्हटलं, तिकिटं काढ! नातीला ह्यांच्यावर सोपवलं आणि निघालो.

काय तो दंगा! लोक यू-बानमध्येच, म्हणजे भुयारी रेल्वेतच, गायला लागले होते. आम्ही रेटत रेटत पार स्टेजपाशी पोचलो. मी साठी उलटलेली बाई, पण पाय ऐकतील तर ना! सून मात्र सारखी विचारत होती, "आई, तो ते गाणं म्हणेल ना?"

म्हटलं की! पण कसं? जुन्या गाण्यांची माळ लावली, त्यात ह्या गाण्याच्या दोन ओळी, आणि लगेच पुढचं. सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. माझं टाळकंच सटकलं. नाट्यसंगीतावर वाढलेली मी. आमच्याकडे आवडलेलं गाणं असं निसटू देतात होय? टाळ्या जरा ओसरल्या तशी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोअर!"

"अगं आई, लोक बघताहेत!" मुलगा कुजबुजला.

"बघू देत!"

गायकाने वाकून पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. सुनेने ओरडून गाण्याचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. मग बाकीच्या वादकांना थांबवून, फक्त चार तारांची एक चिमुकली गिटार सोबत घेऊन, त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. अख्खा हॉल गात होता. सून माझा हात घट्ट धरून हमसून हमसून रडत होती. मीही रडले, लपवायचं कशाला!

गाणं संपलं. तो पुढच्या गाण्याकडे वळणार, इतक्यात माझा हात तसाच वर उचलून सून ओरडली, "वन्स मोअर!"