उलटी पाचर, विसरवाडी

पंकजने जीप दिली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पंकज माझा धाकटा भाऊ, प्रकाशा गावाजवळ तापीकाठी केळी आणि ऊस करतो. त्याची जुनी जीप मी दहा वर्षं मागत होते आणि दहा वर्षं तो हसून विषय बदलत होता. मग गेल्या दसऱ्याला अचानक फोन आला, "ताई, गाडी लई जाय. तुन्हीच शे ती." आपणहून गाडी देऊन इतकं सरळ कोणी वागलं की मला लगेच वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

नाशिकला आणल्यावर मी तिला नवे पाटे (धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या) बसवून घेतले, तेही मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहून. महिन्याभरातच वॉबलिंग सुरू झालं. ज्यांनी हे भोगलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ताशी साठच्या आसपास एखाद्या खड्ड्यावरून चाक गेलं की स्टिअरिंग थरथरतं, मग अख्खं नाक डावीकडे-उजवीकडे आपटायला लागतं आणि वेग पार कमी करेपर्यंत थांबत नाही. एका मेकॅनिकने चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्याने स्टिअरिंगची थरथर शोषणारा नवा डँपर लावला, त्याने पंधरा दिवस बरं वाटलं. दुखणं झाकलं गेलं होतं, बरं झालं नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की पंकजने गाडी कालव्यात घातली असणार आणि रंगरंगोटी करून बहिणीच्या गळ्यात बांधली असणार.

डिसेंबरात तीन दिवसांची सुट्टी जुळली. बेत असा होता: पहिल्या दिवशी माहेर, दुसऱ्या दिवशी तोरणमाळ, तिसऱ्या दिवशी परत. शिवाय पंकजला समोर बसवून विचारायचं होतं. तो फोनवर म्हणाला, "साक्रीवरून नको येऊ, विसरवाडीकडून ये, रस्ता चांगला शे." एवढा लांबचा रस्ता का सुचवतोय, हाही संशय मी पिशवीत भरून घेतला.

रविवारी पहाटे मी आणि नवरा मिलिंद निघालो. सटाणा, पिंपळनेर, दहिवेल, मग सुरतेचा महामार्ग. (पिंपळनेरला नाश्ता करून घ्या, पुढे आम्हाला मनासारखं काही मिळालं नाही.) कोंडाईबारीचा घाट उतरताना साग पिवळा पडत चालला होता, ऊन कोवळं होतं आणि मीसुद्धा थोडी सैल झाले होते. घाट संपला, रस्ता सरळ झाला, मी वेग वाढवला. एका छोट्या पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं मात्र, स्टिअरिंग माझ्या हातातून सुटल्यासारखं झालं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. मिलिंद दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून "हळू, हळू" एवढंच म्हणत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

तिथेच मी पंकजला व्हॉइस मेसेज पाठवला. काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. "गाडी कालव्यात घातलीस ना? मला मारायला दिलीस का ही? बाबा असते तर त्यांनी तुझं तोंड पाहिलं नसतं." पाच मिनिटांत मेसेजवरचा माईक निळा झाला. म्हणजे त्याने ऐकलं. उत्तर आलं नाही, आणि उत्तर न देणं हा मला कबुलीजबाब वाटला.

वीसच्या वेगाने विसरवाडीच्या चौफुलीवर पोचलो. गॅरेज बंद होतं. शेजारी भजी तळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आज रविवार शे ना. सॅम्युअल प्रार्थनाले गयेल शे. ई जाई." भजी कुरकुरीत होती, मिरच्या नंदुरबारी, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. मावशी आणि सॅम्युअलचं संगनमत असेल, गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

तासाभराने सॅम्युअलभाऊ आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात बायबल. शर्ट काढून खिळ्याला लावला, जुना अंगात घातला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही वर बसा. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहा. चाकं जमिनीवरच राहू द्या."

मी हलवत राहिले. ते खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवत होते. जिथे खेळ असतो तिथे हाताला टकटक लागते म्हणे. मग पुढची चाकं जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवली. आता मी मोबाईलची बॅटरी लावून त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. न जाणो, चांगला भाग काढून भंगार बसवतील.

"लाईट हातावर धरा, ताई," ते म्हणाले. "नाहीतर खिशावर धरा. मधेच धरली तर दोन्ही दिसत नाहीत."

मिलिंद हसला. मी नाही.

"बॉल जॉइंट टाईट. चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनची बेअरिंग नवीनच आहे. ग्रीस बघा किती स्वच्छ. ज्यानं गाडी दिली त्यानं काम मनापासून करून दिलंय."

"ॲक्सल वाकलेला नाही? अपघात?"

"काही नाही." मग ते पाट्यांपाशी थांबले. "ही पाचर कोणी टाकली? उलटी आहे."

पाचर म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणारा लोखंडाचा तुकडा, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. तिच्यामुळे ॲक्सल किंचित मागे कलतो. "सायकलीचा पुढचा चिमटा बघा," सॅम्युअलभाऊ म्हणाले, "तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी सरळ जाते. तो उभा केला तर चाक भरकटणार. वळणानंतर तुमचं स्टिअरिंग आपणहून सरळ होतं का?"

होत नव्हतं. मला वाटलं होतं, जड आहे.

"हे पंकजनेच..." मी सुरुवात केली. मिलिंद खाकरला.

"पाचर नाशिकला बसली," तो हळूच म्हणाला. "तू बसवून घेतलीस."

मला सगळं आठवलं. नाशिकचा मेकॅनिक जाड बाजू पुढे ठेवत होता. मी त्याला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला होता, जाड बाजू मागे. "मॅडम, या गाडीला पुढे येते," तो बिचारा म्हणत होता. मला वाटलं, कामचुकार आहे. सॅम्युअलभाऊंनी तो व्हिडिओ पाहिला. "व्हिडिओतल्या गाडीचे पाटे ॲक्सलच्या वर आहेत. तुमचे खाली. म्हणून सगळं उलटं."

भावाने पाचर मारली म्हणत मी दोनशे किलोमीटर आले होते. पाचर खरंच होती, पण मारणारी मीच.

अडीच तासांत दोन्ही बाजूंचे, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडून पाचरी फिरवल्या. सॅम्युअलभाऊंनी तीनशे रुपये घेतले आणि बजावलं की शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. खांडबाऱ्याच्या पुढे मी भीत भीत साठवर नेली. खड्डा आला, गेला. स्टिअरिंग जागचं हललं नाही. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

नंदुरबारच्या बाहेर वाळवणाच्या पथारीवर मिरच्या लालभडक वाळत होत्या. मी एरवी थांबून फोटो काढले असते. प्रकाशाच्या पुलाशी पंकज मोटरसायकल लावून उभा होता, किती वेळचा कोण जाणे.

"गाडी व्हयनी का बरी?" एवढंच विचारलं.

"पाचर उलटी होती. मीच बसवलेली."

"मंग तू तं मेकॅनिक व्हई गई!" तो हसला.

वहिनीने दादर ज्वारीच्या भाकरी आणि भरीत वाढलं. मी मान वर न करता विचारलं, "किंग पिनचं काम कधी केलंस?"

"गाडी तुले देवाना आगोदर. तुले घाट उतरना पडस, म्हनीसन."

मला वाटलं आता तो मेसेजचं काढेल. त्याने केळीच्या भावाचं काढलं.

दुसऱ्या दिवशी शहाद्याहून तोरणमाळ. नागमोडी घाट, जीपने कुरकुर केली नाही. तळ्याकाठी गार वारा होता, पंकज माझ्या शेजारी बसून शेंगा सोलून माझ्याच हातावर ठेवत होता, लहानपणी ठेवायचा तसा. तोंडाशी आलेलं मी तीनदा परत गिळलं.

तिसऱ्या दिवशी निघताना, गाडी सुरू करून, काच खाली करून मी म्हणाले, "पंकज, तो मेसेज..."

"कोनता मेसेज? मी ऐकाच नही, ताई. शेतमा नेट नव्हतं."

शहाद्याला एकदा आणि घरी येऊन पुन्हा यू-बोल्ट आवळून घेतले. तुमच्या जीपचं नाक नाचत असेल तर आधी चाकं, मग सांधे, मग किंग पिन आणि पाचर बघा. डँपर सगळ्यात शेवटी. आणि व्हिडिओ बघताना पाटे वर आहेत की खाली, एवढं तरी बघा.

मग मी फोन उघडला. माईक निळाच होता. माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलतो याचा पुरावा मी दसऱ्यापासून शोधत होते. अखेर एक सापडला आहे, आणि त्याबद्दल मी त्याला कधीही विचारणार नाही.