शहराच्या पुढे पळणारे दामूकाका

दामूकाका एस.टी. चालवायचे तेव्हा त्यांच्या हॉर्नने डोणगावच्या म्हशी दूध चोरायच्या आणि हिवरा आश्रमाच्या वळणावरचे दगड आपसूक बाजूला सरकायचे. मी सांगतोय म्हणजे खरंच. अशा माणसाला निवृत्तीनंतर एकच गोष्ट हवी होती : दुपारची झोप. "जलमभर मी हॉर्न वाजवला बे," ते म्हणायचे, "आता मले कोनाचाच आयकाचा नाही."

म्हणून मेहकरातल्या आमच्या गल्लीतल्या, माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घराला कुलूप ठोकून काका गावाबाहेर एका पडीक वावरात राहायला गेले. मागोमाग कपाळाला हात लावून शांताकाकू. तिथे झोप अशी लागली की घोरण्याला कंटाळून टिटव्यांनी अंडी हलवली! पण अंधारात किती दिवस राहणार? काकांनी खेटे घालून विजेचा खांब आणला, मग नळ, मग मुरमाचा रस्ता. खांब दिसला की प्लॉट विकणारा पप्पूशेठ हजर. त्याने बोर्ड लावला : 'लाईट, पाणी, रस्ता आणि शांतता.' बघता बघता तिथे मंगल कार्यालय आलं, गिरणी आली, डीजेवाला तर काकांच्या उशालाच आला. काका पुढच्या वावरात. पुन्हा खांब, पुन्हा नळ, पुन्हा पप्पूशेठ. असं करत करत मेहकर इतकं लांबलं की आमच्याकडच्या शेवटच्या घरातल्या मिक्सरच्या आवाजावरून पार पुढच्या डोणगावच्या बाया आज कोणती चटणी ते ओळखू लागल्या.

एकदा शहराच्या नव्या आराखड्यावर हरकती ऐकायला नगररचनेचे साहेब आले. नकाशा पसरून म्हणाले, "बाहेर जमीन स्वस्त, म्हणून लोक लांब घरं बांधतात. मग रस्ते, नळ त्यांच्यामागे ओढत न्यावे लागतात, चांगली शेती संपते. आधी गावातल्या रिकाम्या जागा भरू, आणि भोवती शेतीचा पट्टा राखू."

काका ताडकन उठले. "असे कोन लोकं हायेत साहेब? नावं सांगा त्याईची! बंदी घाला!"

सगळा हॉल काकांकडे बघत होता. शांताकाकूसुद्धा.

घरी येऊन काका म्हणाले, "त्या पट्ट्याच्या पलीकडं एक वावर पाह्यलं मी."

काकूंनी गाठोडं बांधलं. "विरजन मागाले तिथं मी काय हरनाले आवाज देऊ? तुमी जा पुढं. मी चालली माह्या जुन्या घरी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका त्यांना न्यायला गल्लीत आले. भांडायला दम हवा म्हणून ओट्यावर जरा टेकले, कलंडले, ते थेट दिवेलागणीला उठले. काकू माझ्या घरून विरजणाची वाटी घेऊन येत होत्या. काका डोळे चोळत मला म्हणाले, "काऊन बे, येवढी शांतता इथं कवापासून हाय?"

"तुम्ही गेल्यापासून," मी म्हणालो. "सगळी गल्ली तुमच्या मागे प्लॉटात गेली ना, काका."

त्यांनी दारोदारची कुलपं पाहिली आणि त्याच रात्री सामान परत आणलं. आता चौकात भेटेल त्याला सांगतात, "आधी कुलपं उघडा, मंग वावरं मोजा!" फक्त आमच्या गल्लीचं नाव काढत नाहीत.

परवा पप्पूशेठ मोटारसायकल घेऊन गल्लीत डोकावला. "काका, इथं लय शांत वाटते हो?"

ओट्यावर लोळत पडलेल्या काकांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जन्मभराचा हॉर्न असा फुंकला की पप्पूशेठची गाडी रिव्हर्स गिअर नसताना मागे गेली.

"आयकलं?" काका ओरडले. "दिवसभर असंच चालते बे इथं!"

आणि कूस बदलून घोरू लागले.