चार नळ्या आणि खालचे काका

नवी मुंबईत गाडी काय, सगळ्यांकडे असते. पण स्वतःच्या गाडीत बसण्यापेक्षा तिच्याखाली जास्त आयुष्य काढलेला माणूस एकच, आणि तो कोपरखैरण्यात आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचा. मूळचे बोनकोड्याचे, मासळीचा होलसेल धंदा, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. पहाटे धंदा, दुपारी झोप आणि चार वाजले की पार्किंगमध्ये ती लाल, दोन दारांची, माझ्यापेक्षा वयाने मोठी स्पोर्ट्स कार, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. मी कॉलेजातून आले की पायांनाच हॅलो म्हणायचे. पाय म्हणायचे, "पोरी, बारा नंबरचा पाना दे."

गाडी गळायची. इंजिनात वर गेलेलं ऑइल परत खाली आणायला चार नळ्या असतात, त्यांच्या टोकांची रबरं पार वाळली होती. काका खाली रोज पेपर अंथरायचे आणि मासळी तपासावी तसा प्रत्येक थेंब तपासायचे, बोटावर घेऊन, वास घेऊन. "यो ताजा हाय. त्यो बाजूचा कालचा." नव्या नळ्या त्यांनी कधीच्या मागवल्या होत्या, पण त्या आठ महिने मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात पडून, आणि खोक्याभोवती बिल्डिंगमधल्या सगळ्या मांजरी आशेने बसून.

का पडून, तर नव्या नळ्या दुर्बिणीसारख्या आत-बाहेर सरकतात, त्या पटकन बसतात. जुन्या मात्र दोन्हीकडून घट्ट अडकलेल्या. इंजिन न उतरवता काढायच्या तर पकडीने चेपून मोडायला लागतात. आणि रोज शंभर सुरमया बघता बघता कापणारा हा माणूस म्हणायचा, "मासा मेलेला असतो गं. ही जिती हाय."

मग एक दिवस माझे पप्पा दह्याच्या पिशवीसकट त्या ऑइलवरून घसरले. पप्पांना काही झालं नाही, दह्याचं विचारू नका. आमच्या सेक्रेटरी बाई साताऱ्याच्या, त्या आवाज न चढवताच बोलतात. "काका, रविवारी मी स्वतः बघायला येणार. एक थेंब जरी दिसला, तर सोमवारी गाडी सोसायटीच्या बाहेर." बाहेर म्हणजे कुठे, तर पुण्याचं एक गिऱ्हाईक कधीपासून मागे लागलेलं, त्याच्याकडे. काका दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण मासे नाही.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली, काका पकड घेऊन आत गेले आणि अर्धा तास नुसते पडून राहिले. शेवटी काकू खाली आल्या. पदर खोचला. "सरका. ती पकड मना द्या." कर्रर्र, कर्रर्र, दहा मिनिटांत चारही नळ्या बाहेर. तेवढा वेळ काका भिंतीकडे तोंड करून उभे. काकू हात पुसत मला म्हणाल्या, "लेकीच्या पाठवनीला पन एवढा पडला नव्हता चेहरा." मग मात्र नव्या नळ्या काकांनीच बसवल्या, रबरांना बोटाने ऑइल चोपडत, बाळाला मालिश करावं इतक्या हळू.

रविवारी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. बाई टॉर्च घेऊन वाकल्या. पेपर कोरा. "ठीक आहे, राहू दे गाडी," म्हणाल्या, आणि काकांनी पहिली चक्कर त्यांनाच मारून आणली. बाई उतरल्या तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि त्या चक्क हसत होत्या.

आता मी करंजाड्याला राहते. परवा सहज फोन केला, चार वाजताच. म्हटलं, काका, काय करताय?

"कायच नाय गं पोरी," काका म्हणाले. "गाडी चांगली हाय. एक थेंब नाय."

मुलं परदेशात सेटल झालीत हे लोक कसं सांगतात ना, अगदी तसंच सांगितलं त्यांनी.